आंबेटेकहून भोरला जोडणी

पहिल्या माळेच्या सकाळी कुमार शिळीमकर आंघोळ करून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातला लेंगा अशा वेषात लॅपटॉपपुढे बसले, तेव्हा आंबेटेकमधल्या येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं की ते पूजेला बसलेत. तसं वाटायला जागाही होती. घरात टेबल नसल्यामुळे लॅपटॉप चौरंगावर होता, आणि कुमाररावांचे डोळे मिटलेले होते, कारण ते पासवर्ड आठवत होते.

पासवर्ड आठवला. पडद्यावर एक गोल बराच वेळ फिरला आणि थांबला, आणि भोरच्या कचेरीतला सर्व्हर जसाच्या तसा वेल्ह्याच्या डोंगरातल्या ह्या सोप्यात उघडला. तिथल्या फायली इथे दिसत होत्या, तिथला बाण इथून हलत होता. कुमाररावांनी तो उगीच दोन-तीनदा इकडून तिकडे फिरवला.

"दिसलं का रं भोर?" खाटेवरून आईनं विचारलं.

"दिसलं."

"मंगल शाळंत निगाली का?"

"तसं नाही दिसत, आई. फक्त कचेरीतला सर्व्हर दिसतो."

"मंग भोर कुठं दिसलं?" बनाबाई म्हणाल्या, आणि कुशीवर वळायला त्यांनी हात पुढे केला. कुमाररावांनी भोर तसंच सोडून आईला धरलं.

ह्या दिसण्यावर काय अवलंबून होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. बनाबाई श्रावणात गोठ्याच्या पायरीवरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि पुढचे काही महिने उठताबसताना धरायला माणूस पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलं. कुमाररावांनी त्यांना भोरच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टची जागा बिल्डरनं फक्त नकाशात ठेवलेली. खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलेल्या बनाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. भाकरी अर्ध्यावर आली, मग चतकोरावर, आणि पुढे तो चतकोरही ताटात राहायला लागला. मंगलनं, म्हणजे कुमाररावांच्या शिक्षिका बायकोनं, करून पाहायचं काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी एका दुपारी बनाबाई भिंतीलाच सांगावं तशा म्हणाल्या, "मला आंबेटेकला न्हेऊन टाक. हितं मला माजंच घर गावंना."

कुमाररावांनी त्याच आठवड्यात गाडी केली. गावच्या घरात सोप्यात खाट टाकली, समोर गोठ्यातली म्हैस दिसेल अशी. त्या संध्याकाळी बनाबाईंनी अख्खी भाकरी खाल्ली आणि म्हशीची आबाळ केल्याबद्दल सबंध आळीला फैलावर घेतलं. आईला इथून हलवायचं नाही, हे कुमाररावांनी त्या भाकरीकडे बघून ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. अडचण नोकरीची होती. कुमारराव भोरला सह्यकणी भात उत्पादक संस्थेत हिशेबनीस होते. संस्थेचा सर्व्हर कचेरीमागच्या एका बिनखिडकीच्या खोलीत होता, आणि त्यावर काम करणारा माणूस एकटे कुमारराव. बाकीच्या कर्मचाऱ्यांचा त्या यंत्राशी संबंध दर्शनापुरता. तेव्हा ते काम आंबेटेकला बसून, लांबूनच जोडणी करून का करू नये, असा अर्ज त्यांनी चेअरमन आनंदरावांकडे केला. आनंदरावांना सगळे आण्णा म्हणत. आण्णांनी अर्ज दोनदा वाचला.

"म्हंजी तू तिथं बसून हितलं काम करनार."

"हो आण्णा."

"आन हितली खुर्ची?"

"रिकामी राहील."

हे आण्णांना पटण्यासारखं नव्हतं. रिकामी खुर्ची त्यांना कुणीतरी गेल्यासारखी वाटे. पण आईचं दुखणं त्यांना माहीत होतं. शेवटी ते म्हणाले, "नवरात्राचं नऊ दिवस देतो. दसऱ्याच्या आत कोणच्या गावानं कोणच्या दिवशी भात आनायचं त्या पाळ्यांची यादी तिथून करून दाव. जमलं तर पुढंबी तिथंच ऱ्हा. न्हाई जमलं, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला तू खुर्चीत दिसला पायजेस. मंग आईला घेऊन ये, न्हायतर काय करायचं ते तुजं तू बघ."

म्हणजे यादी झाली तर आई गावात राहणार, नाहीतर तिला पुन्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या भिंतीपुढे नेऊन टाकायचं. कुमाररावांनी सर्वपित्रीला आईला हे सगळं सांगितलं. बनाबाईंनी ऐकून घेतलं आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "हापिसातल्या पप्पूला फोन लावून दे. त्याच्या लेकीची इचारपूस करते." कुमाररावांनी फोन लावून दिला आणि ते म्हशीला पाणी दाखवायला गेले.

तर पहिल्या माळेला सकाळी भोर दिसलं, आणि दुपारी बाराच्या सुमाराला गेलं. पाटीवरचं पुसावं तसं गेलं. त्या जागी एक चौकट आली. रिमोट संगणकाशी जोडणी होऊ शकत नाही, आणि त्याची तीन कारणं असू शकतात, असं तिचं म्हणणं होतं. एक, परवानगी नसेल. दोन, तो संगणक बंद असेल. तीन, नेटवर्कमध्ये अडचण असेल.

परवानगी तर चेअरमननं दिलेली. दुसऱ्या कारणासाठी कुमाररावांनी पप्पूला फोन केला. पप्पू हे नाव लहानपणी पडलेलं. आता तो पन्नाशीचा, नातवंडं असलेला, कचेरी उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत सगळं बघणारा शिपाई होता.

"पप्पू, सर्व्हर चालू आहे का?"

"सकाळी म्या सोता बटन दाबून चालू केलाय, भाऊसाहेब."

"आत्ता जरा आत जाऊन बघ."

"आत्ता कसा जाऊ? हात खरकटं हायेत."

हात धुऊनही आत जाता येतं हे कुमाररावांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांचं लक्ष एव्हाना तिसऱ्या कारणावर गेलं होतं. बिघाड झाला की तो गावाकडच्या बाजूला असणार, भोरला असणार नाही, हे त्यांनी नोकरीला लागल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं. आंबेटेकला वीज जाते, रस्ता खचतो, एसटी येत नाही. भोरला कचेरी आहे, एसी आहे, प्रिंटर आहे. तेव्हा दोष आंबेटेकचा.

आंबेटेकनंही तो दोष तत्परतेनं आपल्याकडे घेतला. संध्याकाळपर्यंत शेजारी जमले. त्यांत मुख्य चिमाजी. चिमाजी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांची बायको लीलाबाई सकाळी बनाबाईंचं अंग पुसून द्यायला यायची, त्यामुळे ह्या घरात त्यांना सल्ल्याचा कायमचा हक्क मिळालेला होता. पंचायतीच्या पेटीतून निघालेली इंटरनेटची तार त्यांनी खांबाखांबानं तपासली. ती दोन खांबांवरून, मग फणसावरून, मग चिमाजींच्याच गोठ्याच्या वाशावरून कुमाररावांच्या घरात शिरत होती.

"हितंच घोटाळा हाय," चिमाजी म्हणाले. "वळनं बघा किती. उभा जन्म घाटात गाडी चालवली म्या. सकाळी थंड असती तवर चढती. दुपारच्याला तापली की वळनावर दम टाकती."

"तारेतून गाडी जात नाही, चिमाजीकाका. प्रकाश जातो."

"मंग त्याला तर वळताच येत न्हाई," चिमाजी म्हणाले.

कुमाररावांनी शाळेतलं विज्ञान आठवून पाहिलं, तर ते चिमाजींच्या बाजूनं निघालं. तेव्हा दुसऱ्या माळेला, पुन्हा सकाळी जोडणी होऊन दुपारी तुटल्यावर, तार सरळ करायचं ठरलं. चौघं फणसावर चढले, दोघं खालून ओढायला उभे राहिले, आणि बनाबाईंनी खाटेवरून "दमानं, दमानं" असा पुकारा चालू ठेवला. तार सरळ झाली. अगदी सरळ झाली आणि मग बारीकसा आवाज करून तुटली.

"आत काच असते," कुमारराव तुटलेलं टोक हातात धरून म्हणाले.

"काचंची तार?" चिमाजींनी त्यांच्याकडे फार गंभीरपणे पाहिलं. "आन ही गोष्ट आमाला आता सांगताय?"

इथून पुढे कुमाररावांचा इंटरनेट कंपनीशी संबंध आला. फोनवरच्या मुलीनं त्यांचं शुभ नवरात्रीनं स्वागत केलं, मग यंत्र बंद करून चालू करायला लावलं, मग पुन्हा तेच करायला लावलं. तार तुटली आहे, असं कुमारराव सांगत होते. ती म्हणाली, "ठीक आहे सर, तार तुटलेली आहे, तर एकदा यंत्र बंद करून चालू कराल का?" संध्याकाळी मोबाईलवर निरोप आला की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला गुण द्या. त्या वेळी तारेचं टोक कुमाररावांच्या हातातच होतं. त्यांनी शून्य गुण द्यायचा प्रयत्न केला, पण यंत्रणा एकाच्या खाली जायला तयार नव्हती.

तार जोडणारा माणूस अखेर आला, पण पंचायतीतल्या पेटीला कुलूप. किल्ली ग्रामसेवकाकडे, आणि ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार. ते वेल्ह्याला बैठकीला गेले होते. बैठक कसली, असं कुमाररावांनी फोनवर विचारलं. "गावागावात इंटरनेट पोचलं, त्याच्या आढाव्याची," ग्रामसेवक दबक्या आवाजात म्हणाले. "आंबेटेक पोचल्यात धरलंय, तेव्हा आज तक्रार करू नका." कुमाररावांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. तार चौथ्या माळेला जोडली गेली.

पाचव्या माळेला सकाळी भोर दिसलं. कुमाररावांनी घाईघाईनं गुंजवणी खोऱ्यातल्या गावांच्या पाळ्या लावून टाकल्या. दुपारी भोर गेलं.

आता त्यांचा धीर सुटत चालला होता. पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकताना बोट चुकलं, मग रागानं चुकलं, मग जोडणीच्या खात्यालाच कुलूप लागलं. ते उघडायचं तर एक आकडा येणार होता, आणि तो येणार होता चेअरमनच्या मोबाईलवर. आण्णांचे नवरात्राचे नऊ दिवस उपवास असत, आणि नऊ दिवस ते पायात वहाण घालत नसत. भोरचे तापलेले रस्ते आणि रिकामं पोट ह्यांमुळे दुपारनंतर आण्णांशी बोलू नये असा कचेरीत अलिखित नियम होता. कुमाररावांनी दुपारी तीनला फोन केला.

"आण्णा, तुमच्या मोबाईलवर आकडा आला असेल. तेवढा सांगा."

"मोबाईलवरचा आकडा कुनाला सांगायचा न्हाई."

"मी कुमार बोलतोय, आण्णा."

"चोर काय माजं नाव चोर म्हनून सांगनार हाय का? तू कुमारच कशावरनं?"

कुमाररावांनी आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि नोकरीला लागल्याची तारीख सांगितली. हे सगळं कागदावर असतं, आण्णा म्हणाले, ते कुणालाही गावतं. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "माज्या थोरलीच्या लग्नात जेवान कसं होतं?"

एकीकडे कुमाररावांची अब्रू होती, दुसरीकडे नोकरी, आणि मागे खाटेवर आई कान देऊन ऐकत होती.

"जेवण चांगलं होतं, आण्णा," ते म्हणाले. "मठ्ठा आंबट होता."

"कुमारच हायेस," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी आकडा सांगितला. पण फोन ठेवण्याआधी त्यांचा आवाज बदलला. "हे बघ कुमार, पाच माळा झाल्या. अर्दी यादीबी आली न्हाई. खुर्चीवरची धूळ झटकून ठेव म्हनून पप्पूला सांगू का?"

"सांगू नका," कुमारराव म्हणाले.

सर्व्हर ज्यानं बसवून दिला होता तो इंद्रजित सारोळ्याचा. त्याला गाठायचा प्रयत्नही झाला. इंद्रजितचं दुकान हायवेला होतं, पण फोन केला की तो नेहमी नीरेच्या पुलावर असायचा आणि तिथे वाऱ्यामुळे त्याला ऐकू यायचं नाही. सहाव्या माळेला तो पुलावरून एवढंच ओरडला, "पोर्ट बघा, पोर्ट!" कुमाररावांनी दुपारभर पोर्ट पाहिलं. ते जिथल्या तिथे होतं.

सातव्या माळेला दुपारी भोर गेल्यावर शेवटचा उपाय म्हणून ते लॅपटॉप घेऊन गावामागच्या टेकाडावर गेले, कारण तिथे मोबाईलला चांगली रेंज येते असं गुराख्यांचं मत होतं. उन्हात पडदा दिसेना म्हणून चिमाजींनी मागे उभं राहून छत्री धरली. मत खरं निघालं. रेंज भरपूर होती, आणि त्या भरपूर रेंजमध्ये तीच चौकट तीच तीन कारणं घेऊन समोर आली. तार बदलली, कंपनी बदलली, डोंगर बदलला, चौकट मात्र तशीच. कुमारराव दगडावर बसून राहिले. खाली घराचं कौल दिसत होतं, गोठा दिसत होता.

"काका," ते म्हणाले, "आईला पुन्हा भोरला न्यावं लागणार."

चिमाजींनी छत्री जराशी पुढे केली.

त्या संध्याकाळी बनाबाईंनी विचारलं, "तुजं ते काम कुटवर आलं?" कुमारराव म्हणाले, होतंय. "हुनारच," बनाबाई म्हणाल्या, आणि इतक्या खात्रीनं म्हणाल्या की कुमाररावांना आणखीच वाईट वाटलं. ज्याला काही कळत नाही त्यालाच अशी खात्री असते, असंही त्यांच्या मनात आलं.

आठव्या माळेला ते लीलाबाईंना आईजवळ बसवून मोटरसायकलनं भोरला निघाले. नसरापूर, कापूरव्होळ करत ते भोरला पोचले तेव्हा बारा वाजायला आले होते. कचेरीत कुणाशी न बोलता ते सरळ मागच्या खोलीकडे गेले. दारात पप्पू उभा होता. त्यांना बघून त्याचा चेहरा पडला.

"भाऊसाहेब, चपला काढा," तो म्हणाला.

"का?"

पप्पू बाजूला झाला.

खोलीत सर्व्हरच्या बरोबर पुढे घट बसवला होता. पत्रावळीवर माती, तिच्यात मातीचा घट, वर नारळ, आणि सभोवती उगवलेलं धान. वरच्या खिळ्याला आठ माळा बांधलेल्या. पहिली कारळ्याच्या फुलांची, बाकीच्या झेंडूच्या. त्या घटावर सोडलेल्या होत्या, पण जागा लहान असल्यामुळे निम्म्या सर्व्हरवर आल्या होत्या, आणि त्याची हवा आत घ्यायची जाळी झेंडूनं पुरती झाकून टाकली होती. बाजूला समईत अखंड दिवा जळत होता. दिवा जरासा हलत होता, पण विझत नव्हता. कारण एसी बंद होता, दार लोटलेलं असायचं, आणि खोलीत भट्टीसारखी धग होती. सर्व्हर मोठ्यानं घरघरत होता. कुमारराव बघत असतानाच ती घरघर एकदम वाढली, आणि थांबली. यंत्र तापून आपलं आपण बंद झालं होतं.

"रोज ह्याच टायमाला झोपतंय," पप्पू म्हणाला. "मंग बरं असतंय. त्याच्या वाऱ्यानं दिवा हलतो."

कुमाररावांच्या डोळ्यांपुढून फणसावरचे चौघं गेले, काचेची तार गेली, आंबट मठ्ठा गेला. त्यांनी खिळ्याला लटकवलेला एसीचा रिमोट हिसकावून घेतला.

"भाऊसाहेब, दिवा इझंल!"

"विझू दे! आठ दिवस माझं वाटोळं केलंस, पप्पू! माझ्या आईला—"

"आईंचाच हाय तो," पप्पू म्हणाला.

कुमाररावांचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"सर्वपित्रीला त्यांचा फोन आलता. म्हनल्या, म्या दर साली घट बसवते, औंदा मला उठवत न्हाई. कुमारचं काम ज्या यंत्रावर हाय त्याच्या म्होरं माज्या नावानं बसव. दिवा नऊ दिस इझू देऊ नगो. आन कुमारला सांगू नगो, त्याला असलं आवडत न्हाई." पप्पूनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "रातच्यालाबी हितंच निजतो म्या. एकडावबी झोप लागली न्हाई नीट."

कुमाररावांना एकदम रडू आलं, आणि ते लपवायला त्यांनी दिव्याकडे पाठ केली, तर समोर दारात आण्णा उभे. अनवाणी, कपाळाला कुंकू, दुपारच्या आरतीला आलेले.

"काय चाललंय?" आण्णांनी विचारलं.

कुमाररावांनी सगळं सांगितलं. यंत्राला गारवा लागतो, गारव्यासाठी एसी लागतो, एसी बंद असल्यामुळे आठ दिवस सर्व्हर रोज दुपारी बंद पडतो आहे. "पप्पू, एसी कुणी बंद केला?"

पप्पू खाली बघू लागला. शेवटी आण्णाच म्हणाले, "म्या." आणि थोड्या वेळानं, "दिवा फडफडत होता. म्या म्हनलं, यंत्राला काय घाम येतोय का?"

मग त्या धगधगत्या खोलीत तिघांची सभा भरली. एसी लावला तर दिवा जाणार. दिवा बाहेर नेऊन ठेवावा, तर तो घटाचा दिवा, घटापासून हलत नाही. घट हलवावा, तर एकदा बसलेला घट दसऱ्याआधी हलवायचा नाही, ह्यावर तिघांचं एकमत होतं. ह्या संस्थेत एकमतानं झालेला हा बहुधा पहिलाच ठराव. राहता राहिला सर्व्हर.

"त्यो तर काय बसवलेला न्हाई ना?" आण्णांनी विचारलं. "म्हंजी इधीनं?"

"इंद्रजितनं बसवलाय."

"मंग हालवा."

कचेरीत दुसरा एसी एकाच ठिकाणी होता, आण्णांच्या केबिनमध्ये. हे कुणीच बोललं नाही. आण्णा केबिनच्या दाराकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग ते आत गेले, टेबलावरची आपली पानसुपारीची डबी तेवढी उचलली आणि बाहेर व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. कुमाररावांनी माळा हातानं अलगद उचलून धरल्या, पप्पूनं खालून सर्व्हर काढला, आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधीच सीमोल्लंघन करून तो केबिनमध्ये गेला. तार केबिनच्या खिडकीतून ओढून घेतली. ती कुणी सरळ केली नाही.

नवव्या माळेला कुमारराव पुन्हा आंबेटेकच्या चौरंगापुढे बसले. सकाळी भोर दिसलं. बारा वाजले, भोर दिसतच होतं. एक वाजता आण्णांचा व्हरांड्यातून फोन आला. "चाललंय?" "चाललंय, आण्णा." तीन वाजता पुन्हा आला. आवाजावरून व्हरांड्यात ऊन आलेलं कळत होतं. "आजून चाललंय?" दिवेलागणीला शेवटच्या गावाची पाळी लागली आणि यादी पूर्ण झाली. कुमाररावांनी लॅपटॉप मिटला आणि ते आईजवळ खाटेवर जाऊन बसले.

"झालं?"

"झालं."

"म्या म्हनलं न्हवतं?"

दसऱ्याला दुपारनंतर आण्णा स्वतः आंबेटेकला आले. आता त्यांच्या पायात वहाणा होत्या आणि चेहऱ्यावर जेवलेल्या माणसाची शांती. बरोबर पप्पू, त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. आण्णांनी बनाबाईंच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि वाकून पाया पडले. चिमाजी आणि लीलाबाईही आले होते.

पप्पूनं फडकं सोडलं. कचेरीतल्या घटाचं धान होतं. हातभर वाढलेलं, दाट, पिवळंजर्द. असलं धान त्या वर्षी भोरात कुणाच्याच घटाला आलं नव्हतं. बंद खोलीत आठ दिवस सर्व्हरची ऊब त्याला मिळाली होती, आणि सर्व्हर गेल्यावरही त्यानं मागे पाहिलं नव्हतं. बनाबाईंनी ते दोन्ही हातांत घेतलं. सबंध आयुष्य भातशेतीत गेलेल्या त्या बाईनं मुळापासून शेंड्यापर्यंत ते निरखलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आसं धान म्या कदी बगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आण्णांकडे पाहिलं. "आनंदराव, खरं सांगा. माज्या दिव्यानं ह्याचं काम झालं का न्हाई?"

नऊ दिवस प्रत्येकाला तार, पोर्ट आणि चौकट समजावून सांगणारे कुमारराव आईच्या हातातल्या धानाकडे बघत राहिले. त्यांना खरं कारण सांगायचं नव्हतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ते आपल्याला माहीत असलेली गोष्ट कुणाला सांगू इच्छित नव्हते.

"तुमच्या दिव्यामुळंच, आई," आण्णा म्हणाले. "न्हायतर म्या ह्याला खुर्चीत बसवनार होतो. आता ऱ्हाऊ दे त्याला हितंच."

बनाबाईंनी मान हलवली. धानाचे दोन तुरे खुडून त्यांनी एक आण्णांच्या टोपीत खोवला आणि एक, कुमारराव खाली वाकले तेव्हा, त्यांच्या कानावर ठेवला. मग त्यांनी पप्पूला जवळ बोलावून विचारलं, "पर ह्ये एवढं वाडलं कशानं रं? माती कुटली घेतलीस?"

"माती साधीच हाय, आई," पप्पू म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे. "त्या यंत्राची धग लई असती."

बनाबाईंनी ह्यावर विचार केला. कुमारराव आणि आण्णा एकमेकांकडे बघत होते.

"मंग पुढल्या सालीबी घट तितंच बसवायचा," त्या म्हणाल्या. "आन यंत्र त्याच्या अजून जवळ सरकवा."

आण्णांनी टोपीतला तुरा नीट केला. पुढच्या नवरात्राची ती व्हरांड्यातली खुर्ची त्यांना बहुधा आताच दिसत होती.

"बसवू, आई," ते म्हणाले.